एकट्याने डोंगर चढताना: तयारी पायांची आणि निर्णयांची



आजच्या विषयाची पाटी वाचून काहींनी आम्हाला दारातच गाठले. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. डोंगराचा आणि तुमचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही जन्मभर वर्गात उभे राहून तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवले. राहतो आपल्या देवरीत. इथे धानाची शेतं आहेत, जंगल आहे, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे ट्रक आहेत, पलीकडे छत्तीसगड आहे. सह्याद्री काही नाही. तरी निवृत्तीनंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आम्ही हरिश्चंद्रगड एकट्याने चढायचे ठरवले. पहिल्या खेपेला वाटेतून परत आलो. दुसऱ्या खेपेला पोचलो. आज आम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहोत, आणि त्या दोन खेपांमध्ये जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवणार आहोत.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच उठून जायचे असेल त्यांची सोय होईल. एकट्याने डोंगर चढण्याच्या तयारीत पायांचा वाटा अर्धा. उरलेला अर्धा वाटा आधीच घेऊन ठेवलेल्या निर्णयांचा. आणि हे निर्णय एकट्याने घ्यायचे नसतात.

आता हे आम्हाला कसे कळले? चुकून कळले. ती चूक आधी सांगतो.

कचारगडची चूक

आपल्या जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ, कचारगड आहे. तुमच्यापैकी बरेच जण माघ पौर्णिमेच्या यात्रेला जाऊन आले असतील. गोंड समाजाचे ते मोठे श्रद्धास्थान. तिथली कथा तुम्हाला ठाऊकच आहे: गुहेत कोंडलेली तेहतीस मुलं, दारावरचा प्रचंड दगड, आणि त्यांना सोडवायला आलेले पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि हिरासुका पाटालीर. दगड हलला, मुलं सुटली, पण हिरासुका त्यात गेला. ही कथा आम्ही पुष्कळदा ऐकली होती. तिच्यात एकट्याने कुणीच काही केलेले नाही, ही गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली.

निवृत्तीनंतर नोव्हेंबरात एका मंगळवारी आम्ही घरी "आमगावला जाऊन येतो" म्हणून निघालो आणि दुचाकी वळवली ती थेट धनेगावकडे. खोटे बोलायचे नव्हते, पण "डोंगरावर एकटा चाललो" म्हटले असते तर चर्चा झाली असती आणि आम्हाला चर्चा नको होती. चर्चा शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याचे हे वागणे, बघा.

यात्रेच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. इतर दिवशी चिटपाखरू नसते. गुहा पाहून उतरताना दोन दगडांच्या फटीत पाय गेला आणि घोटा मुरगळला. मोडला नव्हता, पण टेकवत नव्हता. मोबाईलला रेंज नाही. पाणी घोटभर. आम्ही एका सालईच्या झाडाखाली बसलो आणि हिशेब केला: आपण कुठे आहोत हे या घडीला जगात कुणाला ठाऊक आहे? उत्तर आले, कुणालाच नाही. घरच्यांनी शोधायला सुरुवात केली तरी ते आमगावला शोधणार.

चार वाजत आले तेव्हा एक म्हातारा गुराखी जनावरं घेऊन त्या बाजूने आला. त्याने खांदा दिला, एक काठी तोडून दिली आणि दीड तासात आम्हाला खाली आणून सोडले. निघताना एवढेच म्हणाला, "एकलेच आले त आले मास्तर, पण घरी सांगून त याव लागते ना जी." आमच्या सौभाग्यवतींनी घोट्याला हळद लावली आणि पुढचे दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस घोट्यापेक्षा जास्त दुखले.

एकटे म्हणजे काय?

त्या दोन दिवसांत आम्ही शिक्षकाच्या सवयीने शब्दाकडे वळलो. 'एकटे' म्हणजे नेमके काय?

एक उदाहरण अमेरिकेतले. एप्रिल २००३ मध्ये आरोन राल्स्टन नावाचा तरुण युटा राज्यातल्या एका अरुंद घळीत एकटा उतरला. कसलेला गिर्यारोहक. पण कुठे जातोय हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते. एक मोठा दगड सरकला आणि उजवा हात दगड आणि भिंत यांच्यामध्ये अडकला. पाच दिवस तो तिथे होता. शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर आला. त्याच्यावर निघालेला सिनेमा काहींनी पाहिला असेल. लोक त्याच्या धैर्याबद्दल बोलतात, आणि ते धैर्य अफाटच. पण निघताना एखाद्याला दोन वाक्ये सांगितली असती, तर शोध कितीतरी आधी सुरू झाला असता.

दुसरे उदाहरण राइनहोल्ड मेसनर यांचे. २० ऑगस्ट १९८० रोजी ते एकटे, कृत्रिम प्राणवायूशिवाय, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. एकट्याने चढण्याचे याहून मोठे उदाहरण नाही. पण त्यांच्याही खालच्या तळावर नेना होल्गिन ही सहकारी थांबलेली होती. ते कुठल्या बाजूने गेलेत, हे तिला माहीत होते.

म्हणजे बघा, दोघेही एकटे. पण एकाच्या एकटेपणामागे कुणीतरी उभे होते, दुसऱ्याच्या मागे कुणीच नव्हते. एकट्याने चालणे वेगळे आणि कुणाला पत्ता लागू न देता चालणे वेगळे. आम्ही कचारगडावर दुसरी गोष्ट केली आणि तिला पहिलीचे नाव दिले.

मग एकट्याने जायचेच कशाला, असाही प्रश्न येतो. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ मध्ये व्हेंतू नावाच्या डोंगरावर गेला, तेव्हा सोबती निवडताना त्याने एकेका मित्राचा विचार केला. कुणी फार संथ, कुणी फार घाईचा. शेवटी धाकट्या भावाला घेऊन गेला. आमचे कारण साधे होते. आमची चाल मंद झाली आहे. गटात गेलो की तरुण मंडळी आमच्यासाठी थांबतात, आणि कुणीतरी थांबले आहे म्हटले की आम्ही जोर करून चालतो. तिथेच म्हातारा माणूस पडतो. स्वतःच्या चालीने चालायला मिळावे, एवढ्यासाठी एकटे जायचे होते.

डोंगर कोणता आणि वाट कोणती

हरिश्चंद्रगड निवडला तो चांगदेवांमुळे. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ या डोंगरावर रचला असे मानले जाते. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मराठी माणसाने एकदा तरी ती जागा पाहावी, असे वर्षानुवर्षे मनात होते.

गडावर जायला अनेक वाटा आहेत. पाचनईची वाट सोपी आणि जवळची. नळीची वाट अवघड, तिथे दोर आणि जाणकार हवेत, आमच्यासारख्याने तिचे नावही काढू नये. आम्ही घेतली ती मधली, जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वर गावातून टोलार खिंडीमार्गे जाणारी. ही वाट लांब आहे. खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळाचा चढ आहे, आणि त्यानंतर झाडी-गवतातून एकामागून एक टेकड्या ओलांडाव्या लागतात. हाताने चढण्यासारखे फार नाही, पण वाट चुकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता वेळेचा हिशेब कसा करायचा, तो सांगतो, कारण हा प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. तो आजही वापरतात. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरा, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. खिरेश्वर ते गडावरचे मंदिर आम्ही आठ किलोमीटर आणि साडेसहाशे मीटर चढ असे धरले. अंतराचा एक तास छत्तीस मिनिटे, चढाचा एक तास पाच मिनिटे. एकूण दोन तास एकेचाळीस मिनिटे. पण हा ठोकताळा धडधाकट माणसाचा, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. आम्ही सरळ दुप्पट केले: साडेपाच तास. डिसेंबरात त्या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात अकरा तास. त्यात चढून परत उतरायची वेळ आलीच, तर जेमतेम पुरणार. हा आकडा कागदावर दिसला आणि आमचा उत्साह थोडा जमिनीवर आला. आकड्यांचे कामच ते.

देवरीत राहून पायांची तयारी

डोंगर नाही, मग सराव कसा? आमच्या गच्चीच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, म्हणजे सुमारे तीन मीटर उंची. साडेसहाशे मीटर चढायला दोनशे सतरा खेपा. आम्ही जुलैत दहा खेपांनी सुरुवात केली. दर आठवड्याला थोड्या वाढवत नोव्हेंबरात सकाळी साठ आणि संध्याकाळी साठ अशा खेपा होऊ लागल्या. पाठीवर पिशवी, तिच्यात आधी दोन लिटर पाणी, मग चार, शेवटी सात किलो वजन. शेजारचे विचारायचे, "सर, वर काही विसरलात का?"

जिन्यावर एक गोष्ट कळली. दम लागतो चढताना, पण गुडघे जातात उतरताना. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. हे ब्रेक लावणे त्याला जास्त जड जाते. म्हणून उतरण्याचा सराव केलेला नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय हलत नाहीत. वर पोचून थकलेला माणूस उतारावर पडतो, तोही याच कारणाने. तेव्हा तरुणांनो, जिना उतरताना धावू नका. सावकाश उतरणे हाच व्यायाम आहे.

तोल सांभाळण्याचा सराव भावाच्या शेतात केला. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून पावसाळ्यात चालून बघा. एक वीतभर रुंदीची निसरडी वाट, दोन्हीकडे चिखल. तिथे पाऊल कसे टाकायचे, वजन कधी सरकवायचे, काठी कुठे टेकायची हे शरीर आपोआप शिकते. सह्याद्रीतल्या माणसाला मिळत नाही अशी ही शाळा आपल्याकडे फुकट आहे. पडलो तर चिखलात, हाड मोडत नाही. आम्ही दोनदा पडलो. रोवणीला आलेल्या बायकांचे चांगले मनोरंजन झाले.

आम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणून जाण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची ताण-चाचणी करून घेतली. साठी उलटलेल्यांनी ही पायरी गाळू नये.

सामान थोडक्यात सांगतो. तीन लिटर पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती मिश्रण. दशम्या, भिजवलेले चणे, गूळ. डोक्याला बांधायची विजेरी आणि जादा सेल. स्वेटर, पातळ रेनकोट, क्रेप पट्टी, नेहमीच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त. आणि गळ्यात शिट्टी. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. माणसाचा घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी बसत नाही. मोबाईलबद्दल एक गैरसमज काढून टाका. रेंज नसली तरी मोबाईलला उपग्रहावरून आपली जागा कळते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मोबाईल विमान-अवस्थेत ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

तो कागद

आता मुख्य गोष्ट. डोंगरावर एकटा माणूस एकाच वेळी आरोपीही असतो, वकीलही आणि न्यायाधीशही. पुढे जायची इच्छा त्याचीच, पुढे जावे की नाही हा निकालही त्याचाच. गटात निदान कुणीतरी म्हणते, "अरे, बास झालं." एकट्याला ते म्हणणारे कुणी नसते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात हाच प्रश्न हाताळला आहे: योग्य काय हे कळत असूनही माणूस तसे वागत का नाही? आणि ग्रीक पुराणातल्या ओडिसियसला त्याचा एक उपाय माहीत होता. मोहिनी घालणाऱ्या जलकन्यांचे गाणे ऐकायचे होते, पण गाणे ऐकले की आपला विवेक जाणार हेही ठाऊक होते. म्हणून त्याने आधीच खलाशांना सांगितले, मला डोलकाठीला बांधा आणि मी ओरडलो तरी सोडू नका. शहाणा ओडिसियस मोहात पडणाऱ्या ओडिसियसला बांधून ठेवतो. आम्हाला वाटते, डोंगराची तयारी म्हणजे हेच.

आमच्या घरी डोलकाठी नव्हती, स्वयंपाकघरातले टेबल होते. तिथे बसून आम्ही एका कागदावर नियम लिहिले. टोलार खिंड सकाळी दहाच्या आत ओलांडली नाही, तर परत. अर्धे पाणी मंदिराच्या आधी संपले, तर परत. धुक्यात पुढची वाट दिसेनाशी झाली, तर थांबायचे, आणि अर्ध्या तासात निवळले नाही तर परत. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काहीही वाटले, तर तिथेच बसून मदत मागायची.

मग कागद सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही स्वतःला सांगितलंय. मला काय करायचंय ते कुठाय?" तिथे आमचे तत्त्वज्ञान संपले. मग दुसरी बाजू लिहिली: कुठून चढणार, कुठून उतरणार, खिरेश्वरला ज्यांच्या घरी मुक्काम त्यांचा नंबर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर आधी त्यांना फोन, मग ११२ ला. आपल्या राज्यात महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही स्वयंसेवी गिर्यारोहकांची यंत्रणा आहे. तिचाही क्रमांक कागदावर घेतला.

शेवटी त्या म्हणाल्या, "एक नियम माझा लिहा. वाटेत कुणी भेटलं, तर मोठेपणा न करता त्याच्यासोबत चालायचं." आम्ही म्हणालो, मग ते एकट्याने जाणे कसे होईल? त्या म्हणाल्या, "ते तुमच्या विद्यार्थ्यांना विचारा. मला तुम्ही परत यायला हवे आहात." लिहिला नियम.

पहिली खेप

डिसेंबरात गोंदियाहून गाडी पकडली, कल्याणला उतरलो, माळशेज घाटातून जाणाऱ्या एसटीने खुबी फाट्यापर्यंत. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खिरेश्वर. रात्री मुक्काम. सकाळी सातला निघायचे ठरले होते आणि सव्वासातला निघालोही. पण वाटेत गावाजवळ नागेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. म्हटले, पाच मिनिटे डोकावू. मंडपाच्या छतावरची शिल्पे पाहण्यात तास कधी गेला कळले नाही. टोलार खिंडीत पोचलो तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

खिंडीत वाघाचे एक जुने शिल्प आहे. त्याच्याजवळ बसून आम्ही वीस मिनिटे स्वतःशी वाद घातला. हवा स्वच्छ आहे. पाय ठणठणीत आहेत. दहाचा आकडा आपणच तर लिहिला, तो काही वेदवाक्य नाही. वर मुक्कामाची सोय आहे, उतरायचे उद्याच आहे. इतक्या लांबून आलो. खर्च झाला. मंडळी, आम्ही तर्कशास्त्र शिकवत आलो. यातला एकही मुद्दा तसा खोटा नव्हता. पण निष्कर्ष आधी ठरला होता आणि मुद्दे नंतर गोळा होत होते, हे ओळखता आले. विद्यार्थ्यांच्या निबंधात हे आम्ही लाल शाईने अधोरेखित करत असू.

परत फिरलो. दीड वाजता खिरेश्वरात जेवलो. दिवसभर आभाळ निरभ्र होते. परतण्यातली अवघड गोष्ट ही आहे बघा. पुढे जाऊन अपघात झाला, तर चूक सिद्ध होते. परत फिरलो, तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? गावात लोक विचारत, "झाला का गड?" आम्ही "नाही" म्हणत होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'वय झालं' असे वाचत होतो. सौभाग्यवतींनी मात्र तो कागद नीट घडी करून देवघराच्या खणात ठेवला. म्हणाल्या, "आता पुन्हा जा म्हणायला मला भीती नाही."

ते वाक्य आम्हाला गडापेक्षा मोलाचे वाटते. तुम्ही परतू शकता हे एकदा दिसले, की घरची माणसे तुम्हाला जाऊ देतात.

दुसरी खेप

जानेवारीत पुन्हा गेलो. नागेश्वराचे दर्शन आदल्या संध्याकाळीच उरकून घेतले. सकाळी सहा पन्नासला निघालो, सव्वानऊला टोलार खिंड. वाघाला रामराम करून पुढे.

रेलिंगच्या कातळावर भीती वाटली. लोखंडाला दोन्ही हातांनी धरायचे म्हणून काठी पिशवीला बांधली. तीन बिंदू टेकलेले, चौथा हलवायचा, दोन हात आणि दोन पाय यांतला एकावेळी एकच. हा नियम तोंडाने म्हणत चढलो. वर पोचून बसलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. साखर-मिठाचे पाणी घेतले.

पुढच्या टेकड्यांमध्ये वाटा फुटतात. गुरांची वाट आणि माणसांची वाट सारखीच दिसते. तिसऱ्या टेकडीनंतर आम्ही एका फाट्यावर थांबलो आणि दोन्हीकडे पाहत राहिलो. मोबाईलवरचा नकाशा उजवीकडे म्हणत होता, डोळ्यांना डावी वाट रुळलेली दिसत होती. तेवढ्यात मागून एक बाई डोक्यावर सामानाचे गाठोडे घेऊन आल्या. गडावर ट्रेकर्सना जेवण देणाऱ्यांपैकी. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "बाबा, हिकडं," आणि न थांबता उजवीकडे गेल्या.

आमच्या मनात क्षणभर आले, वाट कळली, आता यांना पुढे जाऊ द्यावे आणि आपण एकट्याने यावे. मग टेबलावरचा शेवटचा नियम आठवला. त्यांच्या मागे चालू लागलो. त्या चालत होत्या डोक्यावर ओझे घेऊन, आम्ही पाठीवर पिशवी घेऊन, आणि अंतर वाढतच होते. पण त्या दर वळणावर मागे वळून पाहायच्या. बारा चाळीसला हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ दिसले.

केदारेश्वराच्या गुहेत गेलो. थंडगार पाण्यात उभे असलेले मोठे लिंग, चार खांबांपैकी धड राहिलेला एकच. त्या खांबांना लोक चार युगे म्हणतात. आम्ही पाण्यात उतरलो नाही, काठावर बसलो. संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो आणि कडेपासून लांबच थांबलो. जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत यांच्यासारख्या ज्येष्ठ आणि निष्णात गिर्यारोहकाचा याच कड्यावरच्या मोहिमेत मृत्यू झाला. कड्याला आपला अनुभव किती, हे कळत नाही. बघायचे असेल तर पोटावर झोपून, पिशवी काढून ठेवून, आणि वारा नसताना बघावे.

रात्री त्या बाईंकडेच पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी तारामती शिखर, उंची सुमारे १४२९ मीटर. तिथे आम्ही खरोखर एकटे होतो, अर्धा तास. मग पाचनईच्या सोप्या वाटेने उतरलो, जीप मिळाली, राजूरला पोचून दोन वाजता घरी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला. "उतरलो," आम्ही म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "जेवलात का?"

शेवटचे दोन शब्द

आमचे एक मित्र म्हणतात, त्या बाईंच्या मागे चाललात म्हणजे ती चढाई एकट्याची धरता येणार नाही. न धरा. हिशेब करायला बसलो तर त्या बाई, खिरेश्वरचे घर, कातळात रेलिंग ठोकणारे अनोळखी हात, वाट रुळवणारी गुरे आणि घरी कागद घेऊन बसलेली बायको, एवढी माणसे आमच्याबरोबर होती. पावले तेवढी आमची होती. तेवढे आम्हाला पुरते.

इथे बसलेल्या मुलामुलींना सांगणे आहे. डोंगर लांब आहेत म्हणून थांबू नका. जिना आहे, धुरा आहे, कचारगड आहे. पण मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, आपल्या जंगलात पहाटे एकटे शिरू नका. अस्वलंही तेव्हा मोहाखाली असतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथे गेलात तर कचरा टाकू नका, जाळ करू नका, अत्तर लावून जाऊ नका, कड्यांना आग्यामोहोळं असतात.

आणि निघण्यापूर्वी एक कागद घ्या. त्यावर चार ओळी लिहा: कुठे जातो, कोणत्या वाटेने, किती वाजता मागे फिरणार, आणि कधीपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचे. तो कागद घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, जो तुम्हाला "जाऊ नको" म्हणण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. त्याला हो म्हणायला लावण्यात जो वेळ जाईल, तोही तयारीतच धरा. आम्हाला त्यात सहा महिने लागले.

 आता प्रश्न विचारा. उभे राहून उत्तरे देऊ, पाय अजून बरे आहेत.